केरबा मिस्त्रींचं अपील

पाचगणीच्या थंडीत फरशीवर चालून शरयूताईंचे पाय ठणकायचे, म्हणून त्यांच्या यजमानांनी, निवृत्त न्यायाधीश टिकेकरांनी, घरात सागवानी लाकडाची जमीन करून घ्यायची ठरवली. पण येईल त्या कंत्राटदाराला ते एकच अट घालायचे.

"कामात एकही चूक राहणार नाही, असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या."

चौघे जण आल्या पावली परत गेले. शरयूताई दोन-दोन मोजे चढवून वावरत राहिल्या.

पाचवे आले केरबा मिस्त्री. त्यांनी खोल्यांची मापं घेतली, अट ऐकली आणि विचारलं, "साहेब, आपण किती वर्षं निकाल दिलेत?"

"एकतीस."

"त्यावर कुणी वरच्या कोर्टात जायचं का?"

"जायचे की. न्यायाधीशही माणूसच. चूक होऊ शकते, म्हणून कायद्यानं अपिलाची सोय ठेवलीय."

"मग मलाही तेवढीच सोय द्या," केरबा शांतपणे म्हणाले. "फळी वाजली, फुगली, की अपील करा. फक्त माझ्याकडे तारीख पडणार नाही. निरोप मिळाला की त्याच दिवशी येईन."

आतून शरयूताईंचं हसू ऐकू आलं. साहेबांनाही ते आवरेना. म्हणाले, "उद्यापासून काम सुरू करा."

पुढच्या पावसाळ्यात दाराजवळची एक फळी कुरकुरू लागली. सकाळी निरोप गेला आणि दुपारच्या आत केरबा हत्यारं घेऊन हजर झाले. साहेबांनी उठून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.