दोन पानांची सावली

एका राज्यात ओळीने तीन पावसाळे कोरडे गेले आणि राजा पृथुसेनाचा देवावरचा विश्वास उडाला. राजवाड्याच्या अंगणात एक जुना पिंपळ होता. राजाची थोरली बहीण सुकेशिनी लहानपणापासून रोज सकाळी त्याच्या मुळाशी तांब्याभर पाणी घालीत असे. आईमागे पृथुसेनाला तिनेच वाढवले होते, आणि बोट धरून त्यालाही ती पिंपळापाशी नेत असे. पण उपाशी प्रजा पाहून राजाचे काळीज तुटत होते, आणि अशा वेळी नेमका मांत्रिक करालदंत दरबारात आला.

"पिंपळाखाली मोहरांचा हंडा आहे," तो म्हणाला. "झाड उपट, हंडा घे, परमुलखातून धान्य आण."

"पृथू, त्या झाडाला हात लावू नकोस," सुकेशिनी म्हणाली.

"अक्का, झाडाने पोटे भरत नाहीत," राजा म्हणाला, आणि त्याने पिंपळ मुळासकट उपटवला.

हंडा निघाला. राजाने आत हात घातला मात्र, त्याच्या पायाची बोटे सोन्याची झाली. कसाबसा सिंहासनापर्यंत पोचला, टेकला, तो पुन्हा उठलाच नाही. सोने घोट्यांवरून गुडघ्यांकडे चढू लागले. राज्यातले उरलेसुरले झरे आटू लागले. प्रधानाने मोहरा मोजून धान्य आणले, तर पोत्यांतले दाणेही सोन्याचे निघाले. आता ते जात्यात घालून भाकरी होते थोडीच?

करालदंत हसला. "हंडा माझा. सोने राजाच्या ओठांवर आले की राज्यही माझे."

"उतारा सांग," सुकेशिनी म्हणाली.

शाप देणाऱ्याला उतारा सांगावाच लागतो, त्यातून मांत्रिकाचीही सुटका नसते. तो म्हणाला, "त्याच पिंपळाचे बीज शोध. कोणाच्याही तोंडचे न काढलेले पाणी त्याला घाल. मग त्या झाडाच्या सावलीत राजाला बसव."

दरबाराने माना खाली घातल्या. पिंपळाची सावली धरायला एक आयुष्य जाते, आणि राजापाशी थोडे दिवस होते.

सुकेशिनी पोटभर रडली. सकाळ झाली तेव्हा सवयीने उठली, आपल्या वाटणीच्या पाण्यातले अर्धे तांब्यात घेतले आणि पिंपळाच्या जागी उरलेल्या खड्ड्यात ओतायला गेली. लोक म्हणाले, भावाच्या दुःखाने हिचे डोके फिरले. ती दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही. खड्ड्यात एका टिटवीने अंडी घातली होती. सुकेशिनी त्यांना सांभाळून कडेकडेने पाणी ओती. टिटवी ओल्या मातीत पोट भिजवी आणि तापलेल्या अंड्यांवर जाऊन बसे. अखेर अंडी फुटली, पिल्ले तुरुतुरु पळू लागली, आणि टिटवी माणसासारखी बोलली.

"बाई, मी कोणाचे उपकार ठेवून घेत नाही. काय हवे ते सांग."

"या पिंपळाचे बीज हवे."

"झाड पडले त्या दिवशी साळुंक्यांनी शेवटची फळे खाल्ली, आणि सिंहासनामागच्या झरोक्यात जाऊन बसल्या. पुढचे काय ते तू समज."

सुकेशिनी धावतच गेली. झरोक्याच्या दगडाला एक चीर होती. चिरेत साळुंकीची वाळलेली घाण होती, आणि घाणीत मोहरीहून बारीक बी. एरवी नोकरांनी ते खरवडून काढले असते. तिने त्याला हात जोडले.

"पाणी माझ्या वाटणीचे घालीन," ती म्हणाली.

"तेही तोंडचेच," मागोमाग आलेली टिटवी म्हणाली. "पहाटे माळावर ये."

त्या रात्री सुकेशिनी माळावरच निजली. टिटवी पाठीवर पडून दोन्ही पाय वर करून झोपली होती.

"हे काय?" सुकेशिनीने विचारले.

"आभाळ पेलते आहे. झोप तू."

पहाटे वाळल्या गवतावर दंव होते. ते कोणाचेच नव्हते. सुकेशिनीने लुगडे गवतावर अंथरले, दंवाने भिजू दिले आणि झरोक्यापाशी आणून पिळले. "देवा, तुझे तुलाच घालते," ती म्हणाली. मग हाच तिचा नेम झाला. तळव्यांत काटे मोडले, हाताची सालटी निघाली. इकडे सोने राजाच्या कमरेवर आले, मग छातीवर. तेव्हा कुठे चिरेतून एक कोंब वर आला. त्याला दोन पाने फुटली, नखाएवढी. त्या दिवशी सोने राजाच्या हनुवटीला लागले होते.

"अक्का, पुरे आता," पृथुसेन पुटपुटला.

"पुरे कधी म्हणायचे ते मी ठरवीन. तू मान ताठ ठेव."

दुसऱ्या दिवशी उजाडताना करालदंत राज्य घ्यायला आला. झरोक्यातले रोप पाहून तो म्हणाला, "या सावलीत राजा मावेल?"

टिटवी झाडावर बसत नाही, ती दरबारात चालतच आली होती. ती म्हणाली, "मी रोज रात्री पाय वर करून आभाळ पेलते. माझ्या पायांत आभाळ मावते?"

"नाही."

"मग पडले का अजून?"

तेवढ्यात सूर्य उगवला. ऊन मागून झरोक्यात शिरले. दोन पानांची सावली राजाच्या डोक्यावर पडली. सूर्य चढला तशी ती मानेवर उतरली, मग पाठीवर. सावली जिथून सरकली तिथले सोने विरघळत गेले. सावली पावलांपाशी पोचली तेव्हा राजा सबंध माणूस होता. हंड्यात काळी माती उरली. पोत्यांतले दाणे पुन्हा जोंधळ्याचे झाले, दूर कुठेतरी झऱ्याचा आवाज सुरू झाला. करालदंत मुकाट्याने बाहेर पडला आणि त्या राज्यात पुन्हा दिसला नाही.

सुकेशिनी धावत भावापाशी गेली. इतके दिवस आवरलेले हुंदके आता तिला आवरेनात, आणि तिने ते आवरलेही नाहीत.

"तहान लागली असेल," ती डोळे पुसत म्हणाली. तांब्यात त्या पहाटेचे दंव थोडेसे उरले होते.

"फार लागली आहे," पृथुसेन म्हणाला. त्याने तांब्या घेतला, झरोक्यापाशी गेला आणि सगळे पाणी पिंपळाला घातले.

पुढे ते रोप हंड्यातल्या मातीसकट जुन्या खड्ड्यात लावले. त्याला पाणी घालायला भाऊ-बहीण जोडीने जातात. टिटवी अजून पाय वर करूनच झोपते, आणि आभाळ जिथल्या तिथे आहे.