चंद्राचा पाट

आकाशात नऊ ग्रहांची पंगत बसायची, त्या काळची ही गोष्ट. सूर्याशेजारचा पाट चंद्राचा, आणि वाढायला पृथ्वी. पुढे माणसांनी दुर्बीण केली, आकाश नीट पाहिलं आणि पंगत नव्याने मांडली. सूर्य यजमान झाला, पृथ्वी ग्रह म्हणून पाटावर बसली. चंद्र ग्रहच नव्हे असं ठरवून त्याला तिच्याभोवती फिरायला लावलं.

चंद्राचा नुसता जळफळाट झाला. "कालपर्यंत वाढत होतीस, आणि आज माझ्या पाटावर?"

"घे बाबा तुझा पाट, मी उठते," पृथ्वी म्हणाली. "पण माणसं खेळली माझ्या अंगाखांद्यावर, आणि दुर्बीण हातात येताच आधी तुझ्याकडे वळली. तेव्हापासून माझाही जीव जळतोय, चांदोबा."