गुलबक्षीची परी आणि रेवूची खिरापत

नदीकाठच्या एका गावात रेवू नावाची छोटी मुलगी काका-काकूंकडे राहायची. काका बहुतेक परगावी असत. काकू रागावली की रेवूच्या दंडाला जोरजोरात चिमटे काढी आणि बजावी, "कुणी विचारलं तर पडले म्हणायचं. नाहीतर घराबाहेर काढीन." सगळ्यांची जेवणं झाली की रेवूला सकाळची उरलेली भाकरी मिळे. कधी तीही नाही.

परसात गुलबक्षीचं एक झुडूप आपोआप उगवलं होतं. रेवू रोज आपल्या पेल्यातलं थोडं पाणी त्याला घालायची. एका संध्याकाळी त्याची गुलाबी, पिवळी, पांढरी इवली इवली फुलं उमलली आणि एका फुलातून चमचमत्या पंखांची परी बाहेर आली. करंगळीएवढी असावी, नीट मोजायला तिथे कुणी नव्हतं.

"तू मला पाणी दिलंस, रेवू. एक इच्छा माग."

रेवूनं बाही वर केली. दंडावर निळे-जांभळे डाग होते. "हे पुन्हा होऊ नये."

परीचे पंख क्षणभर थांबले. "आधी एक ऐक. यात तुझी काही चूक नाही. पण माझी जादू लहान आहे गं, काकूचा हात मला धरता येत नाही. म्हणून या इच्छेला नियम आहेत. ती एका मोठ्या माणसाला खरी खरी सांगायची. त्यानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला. कुणीतरी ऐकेपर्यंत इच्छा संपत नाही."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते," परी म्हणाली. "तरी सांग."

रेवूनं शेजारच्या आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "काकू सांभाळते ना तुला? मोठ्यांबद्दल असं बोलू नये, बाळ."

रेवू रडत परसात आली. "संपली माझी इच्छा."

"नाही संपली. बघ, फुलं अजून उघडी आहेत."

ते भोंडल्याचे दिवस होते. रोज एकीच्या घरी पाटावरच्या हत्तीभोवती मुली फेर धरत, गाणी म्हणत आणि शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखत. रेवूच्या घरी भोंडला कधीच झाला नव्हता. त्या दिवशी तो शाळेतल्या आगाशेबाईंकडे होता. बाईंनी डबा हलवला.

"ओळखा!"

"लाडू!"

"करंजी!"

"सुमे, तुला मेलीला सारखी करंजीच दिसते!"

"रेवू, तू सांग बघू," बाई म्हणाल्या.

रेवूनं खूप विचार केला. "शिळी भाकरी?"

मुली खो-खो हसल्या. बाई हसल्या नाहीत.

खोबऱ्याच्या वड्या वाटून झाल्यावर त्या रेवूशेजारी पायरीवर बसल्या. "घरी तुला रोज तेच मिळतं का गं?"

रेवूनं होकारार्थी मान हलवली. मग बाही वर केली आणि सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही.

"सांगितलंस ते फार चांगलं केलंस. माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण हे मी गुपित ठेवणार नाही हं. मुलांना मदत करणाऱ्या ताई असतात, त्यांना मी आत्ताच फोन करते."

बाईंनी रेवूला त्या संध्याकाळी घरी पाठवलं नाही. ताई आल्या. त्यांनी रेवूला डॉक्टरांकडे नेलं, काका-काकूंना जाब विचारला आणि लांबच्या गावातली तिची मावशी शोधून काढली. मावशी धावत आली. "मला कुणी कळवलंच नाही गं," म्हणत तिनं रेवूला जवळ घेतलं. निघताना रेवूनं मावशीबरोबर परसात जाऊन गुलबक्षीच्या काळ्या काळ्या बिया फ्रॉकच्या खिशात टाकल्या.

पुढच्या वर्षी मावशीच्या अंगणात गुलबक्षी फुलली आणि भोंडला रेवूच्या घरी आला.

"ओळखा!" रेवू डबा हलवून म्हणाली.

"चकली!" "शंकरपाळे!" सगळ्या हरल्या. तेवढ्यात झुडपातून इवलासा आवाज आला, "मलिदा!"

रेवूनं झाकण उघडलं. गरम भाकरी कुस्करून केलेला, तूप-गुळाचा मलिदा होता. अंगणभर गुलाबी उजेड पसरला, फुलं थरथरली आणि परी दिसेनाशी झाली.

मुलींनी मलिदा खाल्ला. पहिली मूठ रेवूनं घेतली.