घाटातला मधला टप्पा

फार जुन्या काळची गोष्ट. समुद्राकाठी एक बंदर होतं आणि बंदरामागच्या उंच घाटावर एक गाव होतं. वरच्या गावात नाचणीशिवाय काही पिकत नसे. मीठ, तांदूळ, तेल, गूळ, सगळं बंदरातून बैलांच्या पाठीवर लादून वर जाई. पावसाळ्यात घाटाची वाट बंद व्हायची, म्हणून चार महिन्यांचा माल आधीच पोचवावा लागे.

माल नेणाऱ्या तांड्याचा म्होरक्या होता सदोबा. बायको वारली होती. एकुलती एक मुलगी चंद्रा वरच्याच गावात दिलेली. दर खेपेला तिच्या ओसरीवर टेकायचं, भांडंभर ताक प्यायचं आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायला लागायचं. लग्न झाल्यापासून बापलेकीची भेट ती एवढीच.

त्या वर्षी चंद्राला दिवस गेले होते. ती म्हणाली, "आबा, या पावसाळ्यात खाली जाऊ नका. माझ्याजवळ राहा."

"राहतो," सदोबा म्हणाला.

तांडा ज्याचा होता त्या शेटजींचा शिरस्ता ठरलेला. वैशाखाच्या शेवटच्या पंधरवड्यात सगळा माल एकदम वर चढवायचा. सदोबाला यंदा ते पटेना.

"शेटजी, तीन वर्षांत दोनदा पाऊस आधीच आला," तो म्हणाला. "आणि येतो तो असा कोसळतो की डोंगरच खाली आणतो. वरपर्यंत जायला दोन दिवस लागतात, पण मधल्या टप्प्यावर एका दिवसात जाऊन परत येता येतं. जमेल तेवढा माल आत्तापासून तिथल्या धर्मशाळेत नेऊन ठेवू. दरड पडते ती खालच्या अंगाला. माल तिच्या वर असला म्हणजे गावाला मिळेल."

"आणि त्या रानात राखण करायला बसणार कोण?"

तांड्यातलं कोणीच पुढे झालं नाही. शेवटी सदोबाच म्हणाला, "ज्येष्ठी पौर्णिमेपर्यंत मी बसतो. तेव्हा बदलीचा माणूस पाठवा. मी तिथूनच लेकीकडे जाईन."

शेटजींनी मान डोलावली. वाट तुटलीच तर हाताशी असावा म्हणून सदोबाने दोर वळायला काथ्या मागितला. दोन दोरांचा मागितला, एकाचाच मिळाला. "एवढा दोर काय करायचाय?" शेटजी म्हणाले.

चैत्रभर बैल मधल्या टप्प्यावर चढउतार करत राहिले. सदोबाने दगडांवर फळ्या टाकून पोती जमिनीपासून हातभर उंच रचली. मिठाची पोती चुलीच्या भिंतीशी लावली, तेलाचे बुधले कोपऱ्यात उभे केले. मग तांडा खाली गेला आणि तो एकटा राहिला. हवा मोकळी असली की तिथून वरचं गाव दिसे. दिवेलागणीला घराघरांतून धूर निघायचा. त्यातला चंद्राच्या चुलीचा कोणता असेल ते ओळखायचा तो प्रयत्न करी. कळायचं नाही, तरी रोज बघत बसे.

वैशाख सरायला चार दिवस होते. शेटजींची उरलेल्या मालाची मोठी खेप अजून बंदरातच होती. त्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. तीन दिवस, तीन रात्री पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सदोबा बाहेर आला तेव्हा खालची वाट पुरती वाहून गेली होती. तो वरच्या अंगाला चालत गेला. वरची वाटही एका जागी तुटली होती. मध्ये साठ-सत्तर हातांची दरी पडली होती आणि खालून लाल पाणी धावत होतं.

आता बदलीचा माणूस येणार नव्हता. सदोबालाही कुठे जाता येणार नव्हतं.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या कड्यावर माणसं दिसली. पुढे त्याचा जावई होता. "मामा," तो ओरडला, "गावातलं मीठ संपलं. तांदूळ संपत आला."

"माल आहे," सदोबा ओरडला. "दोरही आहे. दोरी फेका."

एका धनगराने गोफणीच्या दगडाला बारीक दोरी बांधून भिरकावली. तिसऱ्या खेपेला ती सदोबाच्या हाती लागली. तिच्या टोकाला त्याने आपला जाड दोर बांधला आणि पलीकडच्यांनी तो ओढून घेतला. दोन्हीकडे झाडांना दोर आवळला, त्यावर पाटी लटकवली. अर्धं अर्धं पोतं करून माल पलीकडे जाऊ लागला. पाऊस जरा उघडला की माणसं यायची. सदोबा पाटी भरायचा, ते ओढायचे.

आषाढात एकदा जावई म्हणाला, "मामा, मुलगी झाली."

"दिसते कशी?" सदोबाने विचारलं. जावई काहीतरी बोलला, पण पाण्याच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. त्याने परत विचारलं नाही. त्या दिवशी पाटीत त्याने सुंठ आणि गूळ जास्त भरला.

श्रावणात एक दिवस लख्ख ऊन पडलं. माणसांबरोबर चंद्रा आली होती. तिच्या हातात कापडात गुंडाळलेलं मूल होतं. तिने ते वर धरून दाखवलं. इतक्या लांबून त्याला नुसतं कापडच दिसलं.

"आबा, पाटीत बसा," ती म्हणाली. "ही माणसं ओढून घेतील."

"बसा, सदोबा," धनगर म्हणाला. "दोर पेलेल तुम्हाला."

सदोबाने दोराला हात लावला. पावसात भिजून काथ्या फुगला होता, झाडाजवळ दोन पीळ सुटले होते. अर्ध्या पोत्याला तो बळकट होता. माणसाला कदाचित पेलेल, कदाचित नाही. तुटला तर दुसरा दोर नव्हता, आणि धर्मशाळेत अजून महिना-दीड महिन्याचा माल पडून होता. मग त्याने पोतं उचललं आणि पाटीत ठेवलं.

"ओढा," तो म्हणाला.

पाटी पलीकडे पोचायच्या आत चंद्रा मूल घेऊन परत फिरली. त्यानंतर ती कड्यावर आली नाही.

पाटी चालत राहिली. त्या पावसाळ्यात वरच्या गावात एकही चूल विझली नाही. नवरात्रात वाट दुरुस्त झाली. शेटजी स्वतः घाट चढून आले आणि त्यांनी रिकामी धर्मशाळा फिरून बघितली. "पुढल्या वर्षी चार दोर," ते म्हणाले. "आणि माणसं दोन."

सदोबा वर गेला. चंद्रा ओसरीवर होती. तिने पाणी दिलं, ताक दिलं, आणि शेजारी बसली.

"मला त्या दिवशी फार राग आला, आबा."

"अजून आहे?"

"थोडा आहे," ती म्हणाली. "पुढच्या दीड महिन्यात शेजारणी रोज मीठ घेऊन जाताना दिसायच्या. तेव्हा कमी झाला."

तिने मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. मुलीने त्याच्या दाढीकडे बघितलं, ओठ काढला आणि रडायला लागली.

"ओळखत नाही मला," सदोबा हळू म्हणाला.

"कशी ओळखेल?" चंद्रा म्हणाली. तिने मुलीला उचललं नाही. "आता राहा इथं. ओळखेल."

गोष्टीचं तात्पर्य: वाट तुटायच्या आधीच माल जवळ नेऊन ठेवावा, जो राखायला बसला, त्याने गरज भागेपर्यंत जागा सोडू नये, आणि त्याला एकट्याला बसावं लागू नये, हे बाकीच्यांनी बघावं.