शुचिव्रताचे कुंपण

कृतयुग ओसरून त्रेतायुगाचा आरंभ होत होता, तेव्हा विंध्याच्या दक्षिणेस, पयोष्णीच्या तीरावर शुचिव्रत नावाचा महातपस्वी पत्नी धृतिमतीसह राहत असे. त्याचे वेदाध्ययन अगाध आणि व्रत कठोर. पण प्राणिमात्राच्या देहाची त्याला विलक्षण किळस होती. गुराख्याच्या घामाचा वास आला की तो नाक दाबी. हरिणीची लाळ दर्भावर सांडली, तर सारा दर्भ जाळून टाकी.

एकदा एक धीवर स्त्री तापाने फणफणलेले मूल घेऊन औषध मागायला आली. मूल अंगणातच ओकले.

"दूर हो!" ऋषी गर्जला. "ही तपोभूमी आहे, उकिरडा नव्हे!"

धृतिमतीने मुलाचे तोंड स्वतःच्या वल्कलाने पुसले आणि औषध दिले. ते पाहून शुचिव्रताला अशी शिसारी आली, की त्याने नदीत उभे राहून वनस्पतींचा अधिपती सोम याची घोर आराधना आरंभली.

सोम प्रकटताच ऋषी म्हणाला, "भगवन्, मला एक कुंपण द्या. ते नेत्रांना रम्य असावे. पण पशूने त्याला तोंड लावू नये, मनुष्याने हात लावू नये."

"तपोधना, तुझ्या मनातली किळसच त्याच्या पानांत उतरेल. चालेल?"

"चालेल!"

तत्क्षणी आश्रमाभोवती चौकोनी दांड्यांची, आकडेदार काट्यांची झुडपे उगवली. पाने खरखरीत, फुलांचे गुच्छ मध्ये पिवळे, कडेला केशरी अन् लाल. पान चुरडताच मात्र असा उग्र दर्प सुटे, की पोटात ढवळून येई.

ग्रीष्मात चारा आटला, आणि आश्रमाची भुकेली गाय तीच पाने खाऊन बसली. तिचे डोळे पिवळे झाले. उन्हाने कातडी सोलवटून पू वाहू लागला, माश्या घोंगावू लागल्या. धृतिमती जखमा धूत राहिली. ऋषी नाकाला वस्त्र लावून दूर उभा राहिला. गाय मेली.

"स्वामी, आजवर मी तुमची किळस सोसली," धृतिमती म्हणाली. "आता मला तुमची किळस येते."

काट्यांनी हात रक्तबंबाळ करून घेत ती कुंपणाबाहेर पडली. तिच्यामागे धावताना ऋषीच्या तळहातांत पाने चुरडली गेली. नदीत कितीही हात धुतले तरी दर्प जाईना. स्वतःच्याच हाताने घास घेताना त्याला उमासे येऊ लागले.

"हे कुंपण परत घ्या!" त्याने सोमापुढे आक्रोश केला.

सोम उत्तरला, "दिलेला वर माघारी येत नाही. पण तुझ्या किळसेपायी कोणी उपाशी राहू नये, म्हणून या झुडपाला मी फळे देतो."

फुलांच्या जागी हिरवे घोस धरले, पिकून काळेभोर झाले. बुलबुलांचे थवे उतरले आणि पोटभर खाऊन दाही दिशांना उडाले. जिथे त्यांची विष्ठा पडली तिथे ते झुडूप उगवले. डोंगर चढले, कुरणे गिळत गेले. लोक त्याला घाणेरी म्हणतात, आणि गुराखी आजही गुरांची तोंडे त्याच्यापासून वळवतात.