ठीक आहे

लग्नाची सुट्टी संपवून ऑफिसात आले, तर टीमच्या फळ्यावरून माझं नाव पुसलेलं. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणं, हे माझं काम.

टीमचे प्रमुख देवस्थळी सर म्हणाले, "आपण अजाइलवाले, माहितीपुस्तकं लिहीत बसत नाही. चांगलं सॉफ्टवेअर स्वतःच बोलतं. तुम्ही दुसरी नोकरी बघा."

तेवढ्यात मंगल कार्यालयाच्या मालकीण रेगेबाई आम्ही त्यांच्यासाठी बनवलेलं बुकिंगचं ॲप बघायला आल्या. सर दिमाखात एक बुकिंग रद्द करून दाखवू लागले. पडद्यावर आलं, 'बुकिंग रद्द करायचं?' खाली दोन बटणं: 'रद्द' आणि 'ठीक आहे'.

सरांचं बोट हवेतच राहिलं.

"अहो, 'ठीक आहे' म्हणजे राहू दे की जाऊ दे?" रेगेबाई म्हणाल्या. "चुकलं तर वरात माझ्या दारात."

सर माझ्याकडे वळले. "कुठलं दाबू?"

"मला कशाला विचारता सर? ते स्वतःच बोलतं ना. थोडं थांबा, बोलेल."

सगळ्यांना नवल वाटलं. सगळ्यांत जास्त मला.

सरांनी मार्कर उचलून माझं नाव फळ्यावर लिहिलं, पण माहेरच्या आडनावासकट. "चालेल ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

मार्कर पुन्हा हवेतच राहिला.