झाकलेला डबा

शेजारची कुमुद डबे पोचवून घर चालवते, आणि तिच्या दारात कोण आलं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. विरजणाचं निमित्त काढून मी आत शिरले, तर समोर रणजित बसलेला! मोबाइलवर खाण्याचे व्हिडिओ टाकणारा. त्याच्या एका शब्दावर गावातली गिऱ्हाइकं फिरतात.

“वहिनी, मला रोज फुकट डबा. नाहीतर लाइव्हवर तुमचं नाव खराब करतो,” तो गुरगुरला.

कुमुदने झाकलेला डबा त्याच्यापुढे सरकवला. “आज माझ्याकडे अळूवडीचा वार. उघडा, खा, मग बोला.”

“आम्ही आधी बोलतो, खातो नंतर,” म्हणत त्याने लाइव्ह सुरू केलं. “मंडळी, आत्ताच कुमुदवहिनींच्या अळूवड्या खाल्ल्या. घसा खवखवतोय, तेल तर नुसतं निथळतंय!”

हजारो लोक बघत होते हो!

कुमुदने मोबाइलसमोरच झाकण काढलं. डबा लख्ख, रिकामा!

“भाऊ, आज मंडईत अळूची पानंच मिळाली नाहीत,” ती गोड हसली. “तुम्हाला न खाताच चव कळते, मग फुकटचा डबा हवाय कशाला?”

लाइव्ह बंद करायचंही त्याला सुचेना. आणि मी बाई, विरजण मागायचंच विसरले.